न्हाणीतला दिवा आणि एक दातेरी वायसर

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस वायरमनला घरचं जेवण गरम मिळत नाही. ज्यांना वर्षभर बंद पडलेला पंखा दिसत नाही, त्यांना अचानक अंगणात माळ हवी असते, ओसरीत झुंबर हवं असतं आणि तेही आजच हवं असतं. वाटूर फाट्यावर माझं दुकान होतं तेव्हा या दिवसांत मी गाडीवरून उतरायचो ते फक्त शिडीवर चढायला. पण न्हाणीतल्या दिव्यासाठी दिवाळीआधी कोणी बोलावल्याचं मला एकदाही आठवत नाही. त्याची आठवण होते नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला तेल लावून झाल्यावर. मग उटणं वाळत आलेला माणूस टॉवेलवर उभा राहून फोन करतो, "दादाराव, जल्दी या, न्हाणीत काळाकुट्ट अंधार हाय."

मी जायचो. शिव्या मनात देत जायचो, पण जायचो.

आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि घरच्यांनी शिडीबंदी केली आहे, त्यामुळे लिहायला सवड आहे. चाळीस वर्षांत कोणकोणत्या घरात कोणकोणते दिवे लावले याची यादी देत नाही, वाचणाऱ्याला झोप येईल. गिऱ्हाईकं मात्र एकेक नामी भेटली. एक गुरुजी होते, ते दुरुस्तीला मिक्सर पाठवताना सोबत चिठ्ठी पाठवायचे. तीत रुग्णाचं नाव, वय, कधीपासून त्रास, आधी कोणाला दाखवलं, सगळं असायचं. "पथ्य काय?" हाही प्रश्न शेवटी असायचा. मी उत्तर लिहायचो, "कोरडी हळद देऊ नये." एक आजी होत्या, त्यांना मीटरचं चाक फिरताना बघवायचं नाही. मी काही काम काढून गेलो की म्हणायच्या, "बाबा, त्याला जरा हळू फिराया सांग की." मी मीटरजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचो. आजी समाधानानं चहा टाकायच्या. धंद्यात थोडी भोंदूगिरी चालते, पण ती चहापुरतीच असावी.

तर न्हाणी. घरात दिव्याला सगळ्यात वाईट जागा कोणती म्हणाल तर न्हाणी. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं. जिथं उडेल तिथं पांढरा थर धरतं. त्यात जुन्या घरांत न्हाणीतच पाणी तापवायची चूल, तिचा धूर आणि वरून वाफ. लोखंडाचा दिवा तिथं दोन-तीन पावसाळे काढतो आणि मग मुकाट्यानं गंजायला लागतो. गंज बाहेर दिसतो त्याच्या दुप्पट आत असतो. माणसांचंही तसंच असतं म्हणतात, पण मला दिव्यांचंच माहीत आहे.

बाहेरच्यांना समजावं म्हणून आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दिवा पेटायला दोन तारा पुरतात. एकीतून करंट येतो, दुसरीतून परत जातो. तिसरी तार पेटवायच्या कामाची नसते. तिचं एक टोक दिव्याच्या लोखंडी अंगाला स्क्रूनं आवळलेलं असतं आणि दुसरं अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पाइपाला. तिला अर्थिंग म्हणतात. धरणाला सांडवा असतो ना, तसं समजा. आतली वायर सोलली जाऊन करंट चुकून लोखंडात उतरलाच, तर त्याला जमिनीत जायला वाट मिळावी, फ्यूज उडावा आणि हात लावणारा माणूस वाचावा, एवढंच तिचं काम. ते काम कदाचित तीस वर्षांत एकदाच पडतं. म्हणून खर्च वाचवायचा म्हटलं की लोक पहिली तीच तार कापतात.

आणि आमच्याकडं दुसरी एक सवय आहे. भिंतीत लोखंडाचं काही पक्कं दिसलं की त्याला कपडे वाळत घालायची तार बांधायची. दिव्याचा ब्रॅकेट असो, पंख्याचा हूक असो. अशाच एका तारेनं एका गोठ्यातली दुभती म्हैस गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तेव्हापासून ज्या घरात काम करायचो तिथं निघताना एकच वाक्य म्हणायचो, "दिव्याला तार बांधायची न्हाई." बायका हसायच्या. हसू देत. वाक्य म्हटल्याशिवाय मी चप्पल घालत नव्हतो.

फक्त एका घरात ते म्हणायचं राहिलं.

ते घर तात्यांचं. वाटूरपासून चार किलोमीटरवरच्या गावातले ते जुने शेतकरी. बोलायला कमी, नजर करडी. त्यांनी श्रावणाच्या सुरुवातीला मला बोलावून घेतलं आणि थेट न्हाणीत नेलं. भिंतीवर हात उंचावला की लागेल एवढ्या उंचीवर एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गोल दिवा होता. पुढं काचेचा घुमट आणि त्यावर तारेची जाळी, जिनिंगमध्ये किंवा जुन्या गोदामात असायचे तसला. होता म्हणजे काय, गंजाचा गोळाच होता तो. काच क्षारानं पांढरी पडलेली, जाळीचे दोन दांडे खाऊन गेलेले, आणि खाली भिंतीवर गंजाचा तांबडा ओघळ थेट पाण्याच्या हौदापर्यंत आलेला.

मी म्हणालो, नवा घ्या तात्या, प्लास्टिकचा येतो, गंजायची भानगडच नाही.

तात्यांनी काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नवा मला बी भेटतो दादाराव. मंगलच्या आईला न्हाणीत इंचू चावल्ता, अंधारात. घरात लाईट आली तवा तिनं पहिला दिवा हितं लावाया लावला, ओसरीत नंतर. आता पोरगी पयल्या बाळंतपणाला आलीया अन् तिची आई न्हाई. बाळंतपणातलं मला काय कळतंय? एवढा दिवा तेवढा माझ्या हातातला हाय."

मंगल त्यांची एकुलती एक मुलगी, जालन्याला दिलेली. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, पण माहेर म्हणजे आता एकटे तात्या. परतूरच्या दवाखान्यात तिला चार-सहा दिवसांत भरती करायची होती. ती बाळ घेऊन घरी आली की दुसऱ्या सकाळपासून न्हाऊ घालणारी बाई येणार, आणि त्या आधी हा दिवा लागलेला हवा होता. "आतून-बाहेरून पांढरा शुभ्र कर," तात्या म्हणाले, "गंजाचा ठिपका दिसता कामा न्हाई."

इथं मला माझं एक सांगितलं पाहिजे. माझे वडील त्या घराच्या अंगणात आयुष्यभर आले-गेले, पण उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. मी आयटीआयचा कागद आणि शिडी घेऊन एकदम न्हाणीत उभा होतो. वीज आली की वायरमनला आत घ्यावंच लागतं, त्यात कोणाचं मोठेपण नाही, असं मी वस्तीत चेष्टेनं म्हणायचो. पण तात्यांनी मला घरातल्याच कपात चहा दिला आणि स्वतः समोर बसून प्यायले, हेही तितकंच खरं. त्या घरात माझ्या हातून काम असं व्हावं की बघणाऱ्यानं बघत राहावं, असं मला फार वाटत होतं. चुकीचं मूळ तिथंच आहे.

दिवा काढायलाच मला अर्धा दिवस लागला. गंजलेल्या स्क्रूला जोर लावायचा नसतो, लावला की डोकं तुटून हातात येतं. रॉकेलचा बोळा लावायचा, थांबायचं, स्क्रूड्रायव्हर टेकवून हातोडीनं हळू टकटक करायचं, पुन्हा थांबायचं. दुकानात आणून सगळे भाग सुटे केले. बुटपॉलिशच्या डबीचं झाकण माझं नेहमीचं, सुटलेले स्क्रू आणि त्यांच्याखालच्या चकत्या, म्हणजे वायसर, त्यात टाकायचे म्हणजे हरवत नाहीत. तारेच्या ब्रशनं गंज घासला. इतका निघाला की दुकानापुढं विटांचा चुरा सांडल्यासारखं झालं. मग खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक. काचेवरचा क्षार चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवून काढला. ही युक्ती माझ्या बायकोची, तांब्याच्या भांड्यांवरून सुचलेली. जाळीचे तुटके दांडे शेजारच्या वेल्डरकडून जोडून घेतले. पाणी आत जाऊ नये म्हणून काचेखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी कापून बसवली, होल्डर चिनी मातीचा नवा घेतला.

मग रंग. आधी रेड ऑक्साईडचा हात, तो वाळल्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन. झड लागलेली, काही वाळता वाळत नव्हतं. मी दिवा तव्यासारखा चुलीच्या उबेला धरून वाळवला. ठिपका राहू नये म्हणून आतल्या बाजूला अगदी स्क्रूच्या भोकांच्या कडांपर्यंत बारीक कुंचल्यानं रंग भरला. एवढ्या निगुतीनं मी माझ्या स्वतःच्या घराला रंग दिलेला नाही.

ज्या दिवशी मंगल मुलीला घेऊन घरी आली, त्याच दुपारी दिवा बसवला. बटण दाबलं तर ती काळी न्हाणी अशी उजळली की चुलीमागचं जुनं हळदीकुंकवाचं बोट दिसायला लागलं, मंगलच्या आईनं कधी तरी भिंतीला पुसलेलं. तात्या त्याच्याकडं बघत उभे राहिले. गल्लीतल्या चार बायका दिवा बघायला आल्या. एकीनं विचारलं, नवा कितीला पडला? मी म्हणालो, जुनाच आहे मावशी. त्या विश्वास ठेवेनात. मी इतका फुगलो होतो की चप्पल घातली आणि माझं ते वाक्य न म्हणताच निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला दुकान उघडलं. कशाला तरी स्क्रू हवा म्हणून बुटपॉलिशचं झाकण पुढं ओढलं, तर त्यात एक दातेरी वायसर पडलेला.

साध्या वायसरची कड गुळगुळीत असते. या वायसरला सभोवार दात असतात. अर्थिंगच्या स्क्रूखाली तो मुद्दाम घालतात, म्हणजे आवळताना त्याचे दात रंग-गंज खरवडून लोखंडात रुततात. मी अर्थिंगची तार वायसराशिवाय आवळली होती आणि ती जागा खरवडलीही नव्हती. दोन हात पांढरा रंग, त्याखाली रेड ऑक्साईड, आणि त्याच्यावर ती तार नुसती शोभेला टेकलेली. सांडव्याचं तोंड मी स्वतः, बारीक कुंचल्यानं, बुजवून आलो होतो.

त्यात दुसरं आठवलं. वायर आत घेताना भोकात बसवायचं रबरी बूच कडक होऊन तुटलं होतं. नवं जवळ नव्हतं, उद्या आणून बसवू म्हणून मी वायर तशीच बिडाच्या धारेवरून ओढली होती, आणि त्या धारेनं वायर सोलली जाते.

तात्यांना फोन लावला. वाजत राहिला. ते पूजेत असणार. आणि उचलला असता तर काय सांगणार होतो, याचाही विचार मी फोन वाजत असताना करत होतो, हे लिहायला लाज वाटते, पण करत होतो. दुकान तसंच उघडं टाकून गाडीला किक मारली. चार किलोमीटरला एरवी दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी चिखल, झड आणि समोरून बैलगाडी. ओल्या अंगानं, पाण्यात पाय असलेल्या बाळंतिणीनं नुसता हात टेकला तरी काय होईल ते मला सगळं माहीत होतं. माहीत असणं ही आमच्या धंद्यातली मोठी शिक्षा आहे.

पोहोचलो तेव्हा न्हाणीच्या धुराड्यातून धूर निघत होता. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि शेवंताबाईचं बाळाशी चाललेलं बोलणं. शेवंताबाई म्हणजे न्हाऊ घालणारी, आसपासच्या गावांतली अर्धी लेकरं तिच्या पायांवर न्हालेली. आत बाळंतीण न्हात असताना त्या बाजूला पुरुषानं फिरकायचंही नसतं. मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडलो आणि दचकून मंगलनं दिव्यालाच हात लावला तर? मी ओसरीत गेलो आणि मीटरच्या बोर्डातला फ्यूज उपसून खिशात घातला.

आतल्या खोलीत टीव्हीवर चाललेलं भजन बंद पडलं. तात्या पूजा आटोपून बाहेर आले, मला बघून म्हणाले, "गेली का लाईट?"

"व्हय," मी म्हणालो.

"येईल," म्हणून ते खाटेवर बसले. आमच्याकडं लाईट गेल्याचं नवल कोणाला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या गोष्टीचं बरं वाटलं. मीही त्यांच्या शेजारी टेकलो.

अर्ध्या तासानं मंगल शाल गुंडाळून शेक घ्यायला आत गेली. तिची पावलं मी मोजली. शेवंताबाई बाळाला पुसून, दुपट्यात बांधून आजोबांच्या मांडीवर ठेवून गेली. बाळ चांगलं ठणठणीत रडत होतं. तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते माझ्या स्वतःच्या लेकरांच्या वेळीही वाटलं नव्हतं.

काल केलेलं काम एकदा बघून घेतो, असं तात्यांना सांगून मी न्हाणीत गेलो आणि दारातच थबकलो. दिव्याच्या जाळीपासून समोरच्या खिडकीच्या गजापर्यंत एक नवी कोरी तार ताणून बांधली होती. तिच्यावर सात-आठ लंगोट. मागोमाग बाळाला घेऊन आलेले तात्या कौतुकानं म्हणाले, "म्याच बांधली सकाळी. बाहेर झडीत कायच वाळंना. हितं चुलीची ऊब लागती. बराबर केलं ना?"

त्या माणसानं लेकीसाठी दोनच कामं केली होती, एक दिवा आणि एक तार. मी त्यांना चहाचं बघायला पाठवलं.

शेवंताबाई हौद आवरत होती. मी विचारलं, "मावशी, सकाळपसून दिवा लावल्ता का?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "दिव्यावर पाखरं येत्यात झडीची, अन् पडत्यात लेकराच्या पाण्यात. म्या न्हाऊ घालताना कुठंच दिवा लावू देत न्हाई. खिडकीतला उजेड पुरतो मला. लेकराला नजरेनं न्हाई, हातानं न्हाऊ घालावं लागतं."

मी चार दिवस घासून, रंगवून, चुलीवर वाळवून जो दिवा केला होता तो त्या सकाळी कोणी पेटवलाच नव्हता. बटण बंद होतं म्हणून दिव्यात करंटच पोचला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी पाळलेल्या त्या एका साध्या सवयीनं सगळं निभावून नेलं होतं.

तरी खात्री करायची होती. फ्यूज घातला, शेवंताबाईला कोरड्या पाटावर उभं केलं, बटण दाबलं. दिवा झकास पेटला. टेस्टर लंगोटाच्या तारेला टेकवला तर त्यातली तांबडी वात लागली. माझ्या अर्थिंगच्या तारेला जो रंग भेदता आला नव्हता, तो तात्यांनी पीळ देऊन बांधलेल्या तारेनं जाळीवरून खरवडून काढला होता. करंट थेट लंगोटांपर्यंत आला होता.

मी बटण बंद केलं. शेवंताबाईनं आयुष्यात टेस्टर पाहिला नसेल, पण माझं तोंड पाहिलं होतं.

"तुझ्या हातनं झाल्तं?" तिनं हळू विचारलं.

"माझ्या."

"मंग आता नीट कर. अन् लेकराच्या घरात डोळ्यातून पाणी काढू नको."

मी नीट केलं. तार सोडली, दिवा उघडला, सोललेली वायर बदलली, बूच घातलं. अर्थिंगच्या स्क्रूभोवती रुपयाएवढी जागा चाकूनं खरवडली, लोखंड चांदीसारखं चमकेपर्यंत. दातेरी वायसर घातला, आवळला, वर ग्रीसचं बोट फिरवलं. टेस्टरनं सगळीकडं पाहिलं, टेस्ट लॅम्पनं पाहिलं, शेवटी हाताची पाठ टेकवूनही पाहिलं. लंगोटांसाठी सुतळीची दोरी लाकडाच्या खुंट्यांना बांधून दिली. मग तात्यांना ते राहून गेलेलं वाक्य सांगितलं.

तात्यांनी ऐकून घेतलं आणि बाळाला थोपटत म्हणाले, "काम झाल्यावर दुसऱ्या दिशी आपणहून बघाया आला. असा मिस्त्री म्या पाह्यला न्हाई."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर घरातल्या कपातला चहा होता, आणि आपल्या वस्तीतल्या माणसानं त्या न्हाणीत काय करून ठेवलं हे गावात कसं सांगितलं जाईल, तेही मला ऐकू येत होतं. मी चहा प्यायलो. शेवंताबाई दारात उभी होती. मी गाडीजवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, "सांगशील कवा तरी." तिनं स्वतः कोणाला सांगितलं नाही.

तात्यांनी मात्र दहा गावांत सांगितलं. दादाराव मिस्त्री काम करून जातो आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघून जातो. त्या बोलण्यावर माझं दुकान चाललं. पार शहागडकडची माणसं बोलवायला लागली. आणि लोक दुसऱ्या दिवशी वाट बघतात म्हटल्यावर मला जावंच लागायचं. आधी लाजेनं जायचो, मग सवयीनं. त्या फेऱ्यांत माझ्या आणखी दोन-तीन चुका मला सापडल्या, लहान, पण सापडल्या. रंगवलेल्या प्रत्येक दिव्यात रुपयाएवढी जागा मी उघडी ठेवायला लागलो. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, इथं रंग राहिला. मी म्हणायचो, राहू द्या.

तात्या पाच वर्षांपूर्वी गेले. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. तिरडीपाशी उभं राहून मनात म्हटलं, पण ते काही सांगणं नव्हे.

गेल्या चैत्रात मंगल माझ्या घरी आली. हातात कापडी पिशवी. गावातलं जुनं घर पाडून तिथं चुलतभाऊ बांधकाम करतोय, तिनं सामानातून फक्त एक वस्तू मागून घेतली होती. पिशवीतून तो दिवा निघाला. पुन्हा गंजलेला, काच पुन्हा पांढरी. "काका, माझ्या जालन्याच्या घरी बाथरूमात लावून द्या. तुमच्याच हातचा पायजे." तेव्हाचं ते बाळ, तिची मुलगी, आता बारावीला आहे, हेही तिनं सांगितलं.

मी अंगणात बसून दिवा उघडला. आतला सगळा रंग पोपडे धरून आला होता. स्क्रूखालची ती रुपयाएवढी जागा मात्र, ग्रीस पुसल्यावर, तशीच चकचकीत. मंगलनं विचारलं, एवढंच कसं काय गंजलं नाही?

मग मी सांगितलं. पहिल्यापासून. रंग, वायसर, खिशातला फ्यूज, लंगोट, टेस्टर. तिच्या बापासमोर गप्प बसून चहा प्यायलो तेही. बोलताना मी तिच्याकडं बघत नव्हतो, स्क्रू साफ करत होतो. बोलणं संपलं. मला वाटलं, आता उठून जाईल, आणि गेली तर बरोबरच आहे.

"मंग त्या दिशी तुम्ही तपासाया न्हाई आल्ते," ती शेवटी म्हणाली.

"न्हाई. भिऊन आल्तो."

ती दिव्यातल्या त्या उघड्या जागेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तात्या सगळ्याला सांगायचे, दुसऱ्या दिशी येणारा मिस्त्री बोलवा. मी आता सांगत जाईन, भेणारा मिस्त्री बोलवा." आणि हसली. डोळे भरलेले होते, पण हसली.

इतकी वर्षं छातीवर कसलं तरी वजन घेऊन फिरत होतो हे मला ते उतरल्यावर कळलं. मी बायकोला हाक मारून चिंच भिजवायला सांगितली.

पंधरा दिवसांनी दिवा लावायला जालन्याला गेलो. शिडीबंदी असल्यामुळं स्टुलावर चढलो, मंगलच्या मुलीनं स्टूल धरलं. तिच्या घरात अर्थिंग आहे आणि करंट जरा चुकला की आपोआप बंद करणारं नवं बटणही आहे. तरी जागा खरवडली, दातेरी वायसर घातला, तिसरी तार दोनदा आवळली. निघताना माझं वाक्य म्हटलं. मुलगी हसली. तिला त्याच दिव्याखाली पणजीच्या वयाच्या शेवंताबाईनं तो न लावताच न्हाऊ घातलं होतं, हे तिला तिच्या आईनं अजून सांगितलेलं दिसलं नाही.

त्या रात्री जालन्यातच बहिणीकडं राहिलो. दिवा पेटला होता, टेस्टरनं सगळं पाहिलं होतं, काही राहिलेलं नव्हतं. सकाळी बहिणीनं विचारलं, आता वाटूरची गाडी धरणार ना?

मी म्हणालो, धरतो, पण आधी मंगलकडं जाऊन येतो.

मंगलनं दार उघडलं. कशाला आलात, असं तिनं विचारलं नाही. चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं, आणि बाथरूमचा दिवा, बाहेर लख्ख ऊन असताना, लावलेला होता.